वाचकांचे प्रश्न : १९५४चा ‘गोजिरा’

गेल्या अंकात जुन्या जपानी चित्रपटांविषयी लिहिताना ‘गोजिरा’चा ओझरता उल्लेख आला होता. जगभर ‘गॉडझिला’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या महाकाय प्राण्याचा हा पहिला चित्रपट. त्या दोन-तीन वाक्यांवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्यालाच द्यावे असे वाटले. काही प्रश्न सारखेच होते, ते एकत्र केले आहेत. चित्रपटाचा शेवट काही उत्तरांमध्ये सांगावा लागला आहे, याची ज्यांनी तो अद्याप पाहिलेला नाही त्यांनी नोंद घ्यावी.

प्रश्न : लहानपणी मी गॉडझिलाचे बरेच चित्रपट पाहिले. त्यांत रबरी पोशाखातले दोन प्राणी एकमेकांना उचलून आपटतात, इमारती पत्त्यांसारख्या कोसळतात आणि शेवटी सगळे आनंदात असतात. अशा मालिकेतल्या पहिल्या चित्रपटाला आपण ‘शोकपट’ म्हटले आहे. हे जरा अतीच झाले नाही का?

उत्तर : तो शब्द मी विचारपूर्वक वापरला होता आणि आजही तोच वापरीन. आपण म्हणता ते चित्रपट बहुतेक साठ-सत्तरच्या दशकांतले असणार. त्यांची गंमत वेगळी आहे आणि तीही मला प्रिय आहे. परंतु ३ नोव्हेंबर १९५४ रोजी जपानमध्ये जो चित्रपट प्रदर्शित झाला, तो पाहायला आलेल्या प्रेक्षकांनी त्या वर्षभरात काय अनुभवले होते हे ध्यानात घेतल्याशिवाय त्याच्याकडे नीट पाहताच येत नाही.

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी या प्रवाळद्वीपावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी घेतली. स्फोटाची ताकद शास्त्रज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून अधिक, म्हणजे सुमारे १५ मेगाटन निघाली. जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर ट्यूना पकडत असलेल्या ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी बोटीवर काही तासांतच पांढरी राख पडू लागली. बोटीवर २३ खलाशी होते. दोन आठवड्यांनी ती याइझू बंदरात परतली तेव्हा सगळ्यांनाच किरणोत्साराची बाधा झालेली होती, आणि हे उघड होईपर्यंत त्यांनी आणलेली मासळी बाजारात पोहोचली होती. मासे खावेत की नाही, पावसात भिजावे की नाही, असे प्रश्न घराघरांत विचारले जाऊ लागले. तोक्योच्या सुगिनामी भागातून अणुचाचण्यांविरुद्ध सुरू झालेल्या सह्यांच्या मोहिमेला पुढे कोट्यवधी लोकांनी साथ दिली. बोटीवरील रेडिओ ऑपरेटर आइकिची कुबोयामा यांचा २३ सप्टेंबरला मृत्यू झाला आणि त्यानंतर सहाच आठवड्यांनी ‘गोजिरा’ पडद्यावर आला.

आता चित्रपटाचे पहिले दृश्य आठवा. समुद्र शांत आहे, जहाजाच्या डेकवर खलाशी विसावले आहेत, कोणीतरी वाद्य वाजवत बसले आहे. एकाएकी पाण्यातून डोळे दिपवणारा प्रकाश उसळतो आणि जहाज पेट घेते. हे कोणत्या घटनेविषयी आहे हे त्या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नव्हते. पुढे आगगाडीतल्या एका छोट्या प्रसंगात नोकरदार माणसे गप्पा मारतात : किरणोत्सारी ट्यूना झाला, किरणोत्सारी पाऊस झाला, आणि आता वर हा गोजिरा! त्यांच्यातली तरुणी म्हणते की नागासाकीतून कसाबसा वाचवलेला हा जीव आहे. हे संवाद ज्या सहजतेने येतात, तीच मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट वाटते. दुसरा प्रसंग तर याहून कठीण आहे. जळत्या तोक्योमध्ये रस्त्याकडेला एक आई मुलांना कवटाळून बसली आहे आणि त्यांना सांगते आहे की आता आपण लवकरच बाबांकडे जाणार. बाबा युद्धात गेले, एवढेही वाक्यात नाही. ते सांगायची गरजच नव्हती, कारण १० मार्च १९४५च्या रात्री झालेल्या बॉम्बवर्षावात याच शहरातील सुमारे एक लाख माणसे जळून मेली होती आणि त्या गोष्टीला तेव्हा दहा वर्षेही झाली नव्हती.

आणखी एक बाब. सप्टेंबर १९४५पासून एप्रिल १९५२पर्यंत जपान परकीय ताब्यात होता आणि त्या काळात अणुबॉम्बविषयी लिहिण्या-दाखवण्यावर कडक बंधने होती. जे दुःख सात वर्षे मोकळेपणाने बोलता आले नाही, ते या चित्रपटात पन्नास मीटर उंचीच्या प्राण्याचे रूप घेऊन चालत आले. दिग्दर्शक इशिरो होंडा यांची उमेदीची वर्षे चीनमधील लष्करी सेवेत गेली होती, आणि मायदेशी परतताना त्यांनी हिरोशिमाचे उद्ध्वस्त रूप स्वतः पाहिले होते. म्हणून त्यांच्या चित्रपटात विध्वंसाइतकीच जागा विध्वंसानंतरच्या सकाळला आहे. जमिनीवर दाटीवाटीने ठेवलेल्या जखमींमध्ये एक शास्त्रज्ञ लहान मुलीजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र नेतो, यंत्र कडकडते, आणि तो काही न बोलता मान हलवतो. अशा दृश्याला करमणूक म्हणता येत नाही. जपानमध्ये हा चित्रपट ९० लाखांहून अधिक लोकांनी चित्रपटगृहात जाऊन पाहिला. ते सगळे केवळ रबरी प्राणी पाहायला गेले असतील हे मला पटत नाही.

प्रश्न : संगणक नसताना हा प्राणी इतका अवजड कसा वाटतो? आत माणूस आहे हे ठाऊक असूनही अंगावर काटा येतो.

उत्तर : या चित्रपटाचे विशेष दृश्यपरिणाम एइजी त्सुबुराया यांचे. १९३३चा ‘किंग काँग’ त्यांचा अत्यंत आवडता होता. त्या चित्रपटात लहान पुतळ्याला किंचित हलवायचे, एक चित्रचौकट घ्यायची, पुन्हा हलवायचे, अशी पद्धत वापरलेली आहे. त्सुबुराया यांच्या हाती तेवढा वेळही नव्हता आणि पैसाही. म्हणून माणसाला पोशाख घालून छोट्या शहरातून चालवण्याचा निर्णय झाला. तडजोड म्हणून निवडलेली ही वाट पुढे जपानी महाप्राणीपटांची ओळख बनली.

अवजडपणाचे रहस्य मुख्यतः कॅमेऱ्याच्या वेगात आहे. तोक्योच्या इमारती मूळ आकाराच्या पंचविसाव्या हिश्शाने बांधल्या होत्या. पन्नास मीटर उंचीवरून सुटलेला दगड जमिनीवर यायला सुमारे सव्वातीन सेकंद लागतात. दोन मीटरवरून सुटलेल्या दगडाला पाऊण सेकंदही लागत नाही. साध्या वेगाने चित्रण केले असते तर भिंती खेळण्यासारख्या पटकन पडल्या असत्या आणि डोळ्यांनी फसवणूक लगेच ओळखली असती. म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा बऱ्याच जास्त वेगाने फिरवायचा आणि पडद्यावर चित्र नेहमीच्या वेगाने दाखवायचे. मग ढिगारा सावकाश कोसळतो, पाऊल सावकाश पडते, शेपटी सावकाश वळते, आणि आपल्याला वजनाचा भास होतो. मात्र कॅमेरा वेगाने फिरला की प्रत्येक चौकटीला मिळणारा प्रकाश कमी होतो. तो भरून काढायला दिवे वाढवावे लागतात, आणि दिवे वाढले की उष्णता वाढते. ती सगळी उष्णता पोशाखातल्या माणसाच्या वाट्याला येत होती.

तो माणूस म्हणजे हारुओ नाकाजिमा. काही दृश्यांत कात्सुमी तेझुका यांनीही पोशाख घातला, पण या भूमिकेची चाल नाकाजिमांची. ते तेव्हा पंचविशीचे होते. पहिला पोशाख सुमारे शंभर किलोचा आणि इतका ताठ झाला की त्यात काही पावलांपलीकडे चालताच येईना. तेव्हा दुसरा, थोडा हलका पोशाख बनवला. पहिला कापून त्याचा खालचा भाग पायांच्या जवळच्या दृश्यांसाठी वापरला. आतल्या माणसाला बाहेरचे दिसत असे ते फक्त मानेजवळच्या बारीक छिद्रांतून. नाकाजिमा तोक्योच्या उएनो प्राणिसंग्रहालयात जाऊन मोठे प्राणी पाऊल कसे टाकतात याचे निरीक्षण करीत. चित्रीकरणात ते उष्णतेने बेशुद्धही पडले आहेत. तरीही १९७२पर्यंत ते ही भूमिका करीत राहिले, आणि माझ्या मते त्यांचे नाव अभिनेता म्हणूनच घेतले पाहिजे. पोशाखातला माणूस एवढ्यावर त्यांची बोळवण करणे अन्यायाचे आहे.

आपण पुढच्या वेळी पाहाल तेव्हा विजेच्या मनोऱ्यांच्या दृश्याकडे लक्ष द्या. गोजिराच्या तोंडून निघालेल्या झोताने मनोरे वितळून वाकतात. ते मनोरे मेणाचे होते आणि उष्णतेने खरोखरच वितळले. चेहऱ्याच्या काही जवळच्या दृश्यांत पोशाखाऐवजी हाताने चालवायची बाहुली आहे. ती थोडी वेगळी दिसते हे मान्य करावे लागेल. पण रात्रीचा अंधार, धूर आणि कृष्णधवल चित्रण यांनी बहुतेक सांधे झाकले आहेत. छायालेखक मासाओ तामाई हे दिग्दर्शक मिकिओ नारुसे यांच्या कौटुंबिक चित्रपटांसाठी नावाजलेले होते, आणि म्हणूनच माणसांची दृश्ये एखाद्या संयत घरगुती नाट्यासारखी दिसतात. प्राणी खरा वाटतो याचे निम्मे श्रेय मी त्या माणसांच्या खरेपणाला देतो.

प्रश्न : त्याची डरकाळी कोणत्या प्राण्याची आहे?

उत्तर : कोणत्याच नाही. संगीतकार आकिरा इफुकुबे यांच्या कल्पनेतून ती आली. कॉन्ट्राबास हे व्हायोलिनच्या कुळातील सर्वांत मोठे वाद्य. त्याच्या सैल केलेल्या तारेवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा ओढायचा, तो आवाज ध्वनिमुद्रित करायचा आणि मंद गतीने वाजवायचा. म्हणूनच त्या डरकाळीत संताप आहे आणि वेदनाही आहे.

इफुकुबे यांचे शिक्षण अरण्यशास्त्राचे, संगीत त्यांनी बव्हंशी स्वतःच्या हिमतीवर आत्मसात केले. चित्रपट सुरू होतो तोच काळ्या पडद्यावर पावलांच्या घणाघाताने आणि डरकाळीने, नावे त्यानंतर. श्रेयनामावलीत जी धडाडती धून वाजते ती आज सगळे गॉडझिलाची धून म्हणून ओळखतात, पण या चित्रपटात ती प्राण्याला रोखायला निघालेल्या दलांच्या सोबत येते. खुद्द गोजिरासाठी त्यांनी खर्जातले, जड पावलांचे सूर राखून ठेवले आहेत. आणि अखेरीस समुद्राच्या तळाशी तो दिसतो तेव्हा संगीत इतके शोकाकुल होते की आपण कोणाच्या मरणाची वाट पाहत होतो, याचाच क्षणभर विसर पडतो.

प्रश्न : चित्रपटातील शास्त्र कितपत बरोबर आहे?

उत्तर : फारसे नाही. चित्रपटातील पुराजीवशास्त्रज्ञ डॉ. यामाने गोजिराला जुरासिक काळाशी जोडतात आणि तो काळ वीस लाख वर्षांपूर्वीचा सांगतात. प्रत्यक्षात जुरासिक कालखंड सुमारे वीस कोटी वर्षांपूर्वी सुरू होऊन साडेचौदा कोटी वर्षांपूर्वी संपला. प्राण्याच्या पाऊलखुणेत सापडणारा त्रिखंडी जीव, म्हणजे ट्रायलोबाइट, तर जुरासिक सुरू होण्याच्याही पाच कोटी वर्षे आधीच नामशेष झाला होता. मात्र त्याच प्रसंगात वाळूतील स्ट्रॉन्शियम-९०चा जो उल्लेख येतो तो अचूक आहे : हे मूलद्रव्याचे रूप अणुस्फोटाच्या राखेत असते आणि शरीरात गेल्यावर हाडांत साठते. प्राचीन जीवांच्या बाबतीत लेखकांनी सैल हात ठेवला आणि बॉम्बच्या बाबतीत नाही, ही निवड मला पटते.

प्रश्न : डॉ. सेरिझावा यांना मरायची काय आवश्यकता होती? कागद जाळले, अस्त्र एकदा वापरले, विषय संपला. त्यांचा मृत्यू उगाच अश्रू काढण्यासाठी घातल्यासारखा वाटला.

उत्तर : बहुतेक पत्रांमध्ये या शेवटाविषयी काही ना काही होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

ज्यांना कथा ठाऊक नाही त्यांच्यासाठी : सेरिझावा हे तरुण शास्त्रज्ञ, युद्धात एक डोळा गमावलेले. प्राणवायूवर संशोधन करताना त्यांच्या हाती असे द्रव्य लागते की जे पाण्यातील प्राणवायू नष्ट करून त्यातील सर्व जीव संपवते. डॉ. यामाने यांची मुलगी एमिको हिला ते काचेच्या टाकीतील माशांवर त्याचा प्रयोग दाखवतात आणि गुप्ततेचे वचन घेतात. त्या वेळी टाकीत काय घडते हे आपल्याला दाखवलेले नाही, फक्त एमिकोची किंकाळी ऐकू येते. तोक्योतील जखमी पाहिल्यावर ती वचन मोडून आपला प्रियकर ओगाता याला सगळे सांगते, आणि तेव्हाच टाकीत माशांचे सांगाडे उरलेले आपण पाहतो. ओगाता आणि एमिको सेरिझावांकडे जातात. ते नकार देतात, झटापट होते, ओगाताला जखम होते. मग दूरचित्रवाणीवर उद्ध्वस्त शहर दिसते आणि शाळकरी मुलींचा समूह शांततेची प्रार्थना गाताना ऐकू येतो, तेव्हा त्यांचे मन वळते. ते स्वतःच्या हाताने कागद आगीत टाकतात. मग अस्त्र घेऊन समुद्राच्या तळाशी उतरतात, गोजिरावर ते वापरतात आणि आपली हवेची नळी कापून तिथेच राहतात.

आपण म्हणता की कागद जाळल्यावर विषय संपला. सेरिझावांचा मुद्दा नेमका हाच आहे की तो संपत नाही. कागद जळाले तरी सूत्र त्यांच्या डोक्यात आहे, आणि एकदा ते अस्त्र जगाने पाहिले की आज ना उद्या कोणीतरी त्यांना ते पुन्हा बनवायला भाग पाडणार. आपण नेहमीच नकार देऊ शकू अशी खात्री ते स्वतःबद्दल देत नाहीत. १९५४ साली हा विचार हवेतला नव्हता. अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांपैकी काहींनी त्याच्या वापराला विरोध केला होता, पण त्यांचे कोणी ऐकले नव्हते, आणि नऊ वर्षांच्या आत त्याहून शेकडो पटींनी शक्तिशाली बॉम्ब फुटला होता. त्या पार्श्वभूमीवर पाण्याखाली आपली हवेची नळी कापणारा शास्त्रज्ञ हा उत्तर देत नाही. आपल्या धंद्याची जबाबदारी शेवटच्या टोकापर्यंत नेली तर ती कशी दिसेल, एवढेच तो दाखवतो. हा मार्ग योग्य, असे चित्रपट म्हणत असल्याचे मला वाटत नाही. त्याच्यासमोर जहाजावरची माणसे सलाम करतात, पण विजयाचा आनंद कोणाच्याच चेहऱ्यावर नाही.

सेरिझावांच्या इतकाच मला डॉ. यामाने यांचा विचार करावासा वाटतो. ताकाशी शिमुरा यांनी ही भूमिका केली आहे. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या ‘सेव्हन सामुराई’तील सामुरायांचा प्रमुख तेच होते. यामाने यांना गोजिराला मारणे मान्य नाही. हायड्रोजन बॉम्बमधून जो जीव वाचला, तो कसा वाचला हे शिकण्याऐवजी सगळे त्याच्या जिवावर उठले आहेत, याचे त्यांना दुःख होते. एका प्रसंगी ते घरी येतात, दिवा मालवायला सांगतात आणि अंधारात एकटेच बसून राहतात. शिमुरांनी त्या दृश्यात जवळजवळ काहीच केलेले नाही आणि तरी तो माणूस किती एकाकी पडला आहे हे समजते. शेवटी तेच म्हणतात की हा गोजिरा अखेरचा असेल असे वाटत नाही, अणुचाचण्या सुरू राहिल्या तर जगात कुठेतरी दुसरा येईल.

प्रश्न : मी पाहिलेल्या आवृत्तीत एक अमेरिकन पत्रकार सगळी कथा सांगतो. आपण सांगितलेले अनेक प्रसंग त्यात नव्हते. असे का?

उत्तर : आपण १९५६ची अमेरिकन आवृत्ती पाहिली आहे. मूळ चित्रपट ९६ मिनिटांचा. तो कापून, रेमंड बर या अभिनेत्याची नवी दृश्ये अमेरिकेत चित्रित करून आणि मध्ये मध्ये जोडून सुमारे ८० मिनिटांची आवृत्ती तयार केली गेली. बर यांचे पात्र एमिकोशी किंवा सेरिझावांशी बोलते तेव्हा समोरची व्यक्ती बऱ्याचदा पाठमोरी दिसते, कारण ते मूळ कलावंत नव्हेत. नागासाकीचा उल्लेख गेला. संसदेतील एक उत्तम प्रसंगही गेला, ज्यात एक सदस्य परराष्ट्र संबंधांचे कारण देऊन प्राण्याविषयीची माहिती दडवून ठेवा म्हणतो आणि महिला सदस्य उभ्या राहून सत्य जाहीर करा म्हणून त्याला धारेवर धरतात. यामाने यांचा शेवटचा इशारा जाऊन त्या जागी संकट टळल्याचे आणि जग पुन्हा जगू लागेल असे सांगणारे निवेदन आले.

ही आवृत्ती टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही; जपानबाहेर या प्राण्याला ओळख तिनेच मिळवून दिली आणि बर यांनी आपले काम गांभीर्याने केले आहे. पण तिच्यात शोक कोणाचा आहे हेच पुसले गेले. मूळ चित्रपट अमेरिकेतील चित्रपटगृहांत मोठ्या प्रमाणावर लागायला २००४ साल उजाडावे लागले. आता तो उपशीर्षकांसह उपलब्ध असतो. तो मिळवा, आणि संवाद जपानीतच ऐका.

प्रश्न : माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला महाकाय प्राण्यांचे वेड आहे. तिच्यासाठी सुरुवात कोणत्या चित्रपटाने करावी?

उत्तर : ‘गोजिरा’ने करू नये, असे मी सुचवीन. रक्तपात त्यात नाही, परंतु मरणाऱ्या आईजवळ रडणारे मूल आहे, आणि दहा वर्षांच्या मुलीला तेच अधिक भिववेल. तिला १९६१चा ‘मोथ्रा’ दाखवा. दिग्दर्शक होंडाच आहेत, चित्र रंगीत आहे, प्राणी म्हणजे एक प्रचंड पतंग आहे आणि तो शहर मोडतो ते पळवून नेलेल्या दोन चिमुकल्या स्त्रियांना परत आणण्यासाठी, त्यामुळे मुलांची सहानुभूती लगेच त्याच्या बाजूला जाते. त्यानंतर १९६२चा ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’. यात विनोद भरपूर आहे आणि गॉडझिला प्रथमच रंगांत दिसतो. मग १९६४चा ‘मोथ्रा विरुद्ध गॉडझिला’. ती तेरा-चौदाची झाली की १९५४चा चित्रपट तिच्यासोबत बसून पाहा, आणि आगगाडीतला तो प्रसंग आला की चित्रपट थांबवून नागासाकीविषयी तिला काय ठाऊक आहे ते विचारा. २०२३चा ‘गॉडझिला मायनस वन’ त्यानंतर लगेच पाहण्याजोगा आहे. त्याची कथा युद्ध संपतानाच्या आणि त्यानंतरच्या जपानमध्येच घडते, आणि उत्कृष्ट दृश्यपरिणामांचे ऑस्कर त्याला मिळाले आहे.